मामींचा वाडा आणि भाच्याचे लाकडी घर

"अरे, हे घर आहे की काड्यापेटी?"

मामींनी मोबाईल डोळ्यांपासून लांब धरला होता आणि चष्म्याच्या वरून त्या त्यातील छायाचित्र न्याहाळीत होत्या. छायाचित्र न्यू जर्सीतील एडिसन येथल्या एका घराचे, ते बांधून होत असताना काढलेले होते. घर माझ्या मावसभावाचे. यंदाच्या गणपतीत तो चार वर्षांनी देशात आला, तेव्हा आम्ही दोघे मामींना भेटायला भिवंडीस, ब्राह्मण आळीतल्या त्यांच्या जुन्या वाड्यात गेलो होतो. छायाचित्रातल्या घराला अजून भिंती चढल्या नव्हत्या. दोन बोटे जाडीच्या पिवळसर फळ्या दोन-दोन विती अंतराने उभ्या केलेल्या आणि वर तसल्याच फळ्यांचे त्रिकोण ठोकलेले. घराचा सगळा जीव तेवढ्यातच!

"मामी, तिकडं बहुतेक सगळी घरं अशीच बांधतात," भाऊ म्हणाला. "वरून भिंत चढली, रंग लागला, की आत काय आहे ते कळतसुद्धा नाही."

"आणि आग लागली म्हणजे?"

भाऊ गालातल्या गालात हसला. डोक्यावरच्या काळ्याभोर तुळईकडे बोट दाखवून म्हणाला, "तुम्ही तरी कशात राहता, मामी? हेही लाकूडच की!"

मामींनी मोबाईल त्याच्या हातात परत दिला आणि शांतपणे म्हणाल्या, "हे लाकूड आहे. तुझं ते सरपण."

आम्ही सगळेच हसलो. पण मामींचा प्रश्न निव्वळ थट्टेचा नव्हता. मामा गेल्यापासून वाड्याचे काय करावे, हा विचार त्या घरात चालू आहे. वाडा पाडून चार मजल्यांची सिमेंटची इमारत उभी करावी असे म्हणणाऱ्यांचा पहिला मुद्दा हाच, की लाकडाचे घर म्हणजे कधीतरी आगीच्या तोंडी जायचेच. तिकडे भाच्याच्या घरात दोन लहान मुले झोपतात. तेव्हा प्रश्न दोन्ही घरांच्या जिव्हाळ्याचा होता. घरी परतल्यावर मी या विषयावर मिळेल ते वाचीत गेलो आणि ध्यानात आले, की मामींच्या त्या एका वाक्यात अग्निशास्त्रातला निम्मा धडा आला होता. उरलेल्या निम्म्यात मात्र त्या चुकल्या होत्या, आणि आपणही बहुतेक सगळे तेथेच चुकतो.

चुलीतला ओंडका

ज्यांनी चूल पाहिली आहे, त्यांना पहिला निम्मा धडा शिकवावा लागणार नाही. काटक्या आणि ढलप्या फुंकर घालताच भडकतात व बघता बघता संपतात. पण रात्री राखेत पुरून ठेवलेला जाड ओंडका सकाळी फोडून पाहिला, तर बाहेरून काळाठिक्कर आणि आत लाकडाचा रंग जसाच्या तसा!

याचे कारण असे, की लाकूड तापले म्हणजे तीनशे अंश सेल्सिअसच्या आसपास त्याचे विघटन होऊ लागते आणि त्यातून ज्वालाग्राही वायू बाहेर पडतात. आपल्याला दिसते ती ज्वाला या वायूंची. मागे राहतो तो कोळसा. कोळशातून उष्णता सहजासहजी आत जात नाही. म्हणजे जळणारे लाकूड स्वतःच्याच अंगावर एक काळी गोधडी पांघरते आणि त्या गोधडीखाली उरलेले लाकूड बराच वेळ थंड व मजबूत राहते.

ही गोधडी किती वेगाने आत सरकते, हे शास्त्रज्ञांनी भट्ट्यांमध्ये लाकडे जाळून मोजले आहे आणि युरोपातल्या बांधकामाच्या नियमांत ते आकडे छापलेले आहेत. पाइनसारखे मऊ लाकूड मिनिटाला पाऊण मिलिमीटरच्या आसपास कोळशात जाते. सागवानासारखे घट्ट लाकूड त्याहून सावकाश, मिनिटाला सुमारे अर्धा मिलिमीटर. आता हिशेब करू. मामींच्या ओटीवरची तुळई मी टेपने मोजली. ती नऊ इंच रुंद आहे. दोन्ही बाजूंनी आगीने वेढली तरी तासाभरात प्रत्येक बाजूचे सुमारे तीन सेंटिमीटर जातील आणि मध्ये पावणेसात इंच जाडीचे भरीव सागवान शिल्लक राहील. तेवढ्यावर वरचा मजला बराच वेळ तग धरू शकतो.

भाच्याच्या घरातली फळी अमेरिकेत 'दोन बाय चार' या नावाने विकली जाते. पण रंधून झाल्यावर तिची जाडी भरते दीड इंच, म्हणजे ३८ मिलिमीटर. ती उघडी असेल आणि दोन्ही बाजूंनी पेटली, तर पंचवीस मिनिटांत आतून कोळसा आणि बाहेरूनही कोळसा. वजन पेलण्याची ताकद तर त्याच्या कितीतरी आधी जाईल. मामींचे 'लाकूड' आणि 'सरपण' ते हेच.

न जळणारे लोखंड

"मग लाकूड नकोच, लोखंडाचे घर करावे," असे कोणी म्हणेल. याचे उत्तर भिवंडीतच मिळते.

भिवंडी हे गाव तीन पिढ्यांच्या बांधकामाचे प्रदर्शनच आहे. खाडीचे बंदर जवळ आणि वाडा-शहापूरकडे सागाची जंगले, त्यामुळे जुन्या आळ्यांत व मोहल्ल्यांत सागवानी खांबांची, कडीपाटाच्या छताची घरे झाली. तालुक्यातल्या अंजूर गावचा नाईकांचा वाडा तर वसईच्या मोहिमेत मोलाची कामगिरी केलेल्या गंगाजी नाईकांच्या घराण्याचा. पुढे यंत्रमाग आले आणि त्यांच्याबरोबर विटांचे व सिमेंटचे कारखाने. आता माणकोली, काल्हेर, पूर्णा या भागांत रस्त्याच्या दोहो बाजूंना पोलादी सांगाड्यांची प्रचंड गोदामे उभी आहेत. मुंबई-ठाण्यातल्या घरांत येणारी पार्सले बहुधा याच गोदामांतून सुटतात.

या गोदामांना आगी लागतात आणि त्यांच्या बातम्या आपण वाचतो. २०२५ च्या मे महिन्यात वडपे येथील आगीत वीसहून अधिक गोदामे खाक झाली. अशा आगीनंतरचे छायाचित्र पाहिले, की प्रथम डोळ्यांत भरतात ते वाकलेले, पिळवटलेले पोलादी खांब. पोलाद जळत नाही हे खरे. पण लोहाराच्या भट्टीतून लालभडक सळई बाहेर आली, की ती घणाखाली कशी मेणासारखी वाकते, हे आपण पाहिलेले असते. सहाशे अंशांच्या सुमारास साध्या पोलादाची निम्मी ताकद जाते, आणि भडकलेल्या आगीत तापमान आठशे-नऊशे अंशांपर्यंत सहज चढते. वितळण्याची वाट पाहावी लागत नाही. आपल्याच अंगावरच्या छपराचे ओझे त्याला झेपत नाही. त्यातून तापलेले पोलाद लांबते आणि शेजारच्या भिंतीला बाहेर ढकलते.

अग्निशास्त्राच्या पुस्तकांत एक छायाचित्र अनेकदा आढळते. आगीतून वाचलेली एक जाड, काळवंडलेली लाकडी तुळई आपल्या जागी सरळ उभी आहे आणि तिच्यावर एक पोलादी तुळई दोरीवर टाकलेल्या ओल्या धोतरासारखी लोंबते आहे. पोलाद वापरूच नये असा याचा अर्थ नव्हे. त्याला आगरोधक लेप दिला, सिमेंटात गुंडाळले, वर पाण्याचे फवारे बसवले, तर तेही टिकते. आपल्या सिमेंटच्या इमारतीतल्या सळया टिकतात त्या भोवतीच्या दोन-चार सेंटिमीटर काँक्रीटच्या कवचामुळेच. कवच फुटले, गंजाने सुटले, की तेथेही तीच कथा.

थोडक्यात, 'घर कशाचे आहे?' हा आगीपुढे पहिला प्रश्न नव्हे. पहिला प्रश्न असा, की हे घर आत राहणाऱ्यांना बाहेर पडायला किती मिनिटे देईल?

तरीही वाडे जळतात

येथवर ऐकून मामी खूष झाल्या असत्या. पण गोष्ट येथे संपत नाही.

पुण्याचा शनिवारवाडा कमी जाड लाकडाचा नव्हता. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी त्याला आग लागली आणि ती आठवडाभर धुमसत राहिली. आज आपण मुलांना शनिवारवाडा दाखवायला नेतो तेव्हा दाखवतो काय? तट, बुरूज, दिल्ली दरवाजा आणि दगडी जोती. ज्या सागवानी महालांत पेशवाई नांदली, त्यांतले काही उरले नाही. जाड लाकूड सावकाश जळते. जळतच नाही असे नव्हे. ते वेळ देते, आणि त्या वेळात कोणी आग विझवली नाही तर तो वेळ फुकट जातो.

आणि जुने लाकूड नेहमीच आपल्या जाडीइतका वेळ देते असेही नाही. ९ मे २०१५ रोजी मुंबईत काळबादेवीच्या जुनी हनुमान गल्लीत गोकुळ निवास या जुन्या, लाकडी सांगाड्याच्या इमारतीला आग लागली. आग चालू असतानाच इमारत कोसळली. मुंबई अग्निशमन दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर, त्यांचे सहकारी सुधीर अमीन, संजय राणे आणि महेंद्र देसाई या चार अधिकाऱ्यांचे प्राण या दुर्घटनेत गेले. दोघे जागीच आणि दोघे पुढे रुग्णालयात. आगीचा अभ्यास करण्यातच ज्यांचे आयुष्य गेले, अशा माणसांनाही इमारतीने सावध होण्याइतका अवधी दिला नाही.

असे का होते? जुन्या इमारतीचे दुखणे बहुधा तुळईच्या मध्यावर नसते. ते तिच्या टोकांत असते. तुळई जेथे भिंतीत शिरते तेथे वर्षानुवर्षे पावसाचे पाणी मुरते, लाकूड आतून कुजते, वाळवी लागते. वरून रंग असतो, म्हणून दिसत नाही. त्यातच एका खोलीच्या दोन खोल्या होतात, पोटमाळे निघतात, गच्चीवर पाण्याच्या टाक्या चढतात, जमिनीवर फरशीवर फरशी बसते. तुळई एका कुटुंबासाठी घातलेली, आणि तिच्यावर ओझे पाच कुटुंबांचे! आग लागली की विझवण्यासाठी मारलेले पाणी जुन्या चुन्या-मातीत मुरून वजन आणखी वाढवते. मग तुळई मध्ये शाबूत असूनही टोकाला सुटते, आणि एक मजला दुसऱ्यावर, दुसरा तिसऱ्यावर बसतो.

मुंबई शहरात अशा जुन्या इमारतींची दुरुस्ती करण्यासाठी १९६९ मध्ये कायदा होऊन स्वतंत्र मंडळ स्थापन झाले. तेव्हा उपकर देणाऱ्या इमारतींची मोजदाद १९,६४२ भरली होती. त्यांतल्या बऱ्याच आज नाहीत, पण पुष्कळ अजून उभ्या आहेत आणि त्यांत माणसे राहत आहेत. भिवंडी, कल्याण, पुणे, नाशिक येथल्या वाड्यांची गोष्ट निराळी नाही. तेव्हा आपल्या तुळईचा अभिमान जरूर बाळगावा. पण वर्षातून एकदा सुताराला बोलावून तिची टोके सुईने टोचून पाहावीत.

सरपणाचे घर उभे कसे राहते?

आता भाच्याच्या घराकडे वळू. अमेरिकेतली बहुसंख्य स्वतंत्र घरे पातळ फळ्यांची असतात. ती सरपण असती तर तो देश केव्हाच राख झाला असता. एकदा तसे झालेही होते. शिकागो शहर लाकडी घरांनी गजबजलेले होते. ऑक्टोबर १८७१ मध्ये तेथे आग लागली, सतरा हजारांवर इमारती जळाल्या आणि सुमारे तीनशे माणसे दगावली. त्या काळच्या पातळ फळ्यांच्या घरांत उभ्या फळ्या पायापासून छपरापर्यंत सलग जात. दोन फळ्यांमधली पोकळी म्हणजे धुराडेच! तळमजल्यावर पेटले, की ज्वाळा भिंतीच्या आतून सरळ माळ्यावर.

पुढे बांधणी बदलली. आता प्रत्येक मजला वेगळा बांधतात आणि मजल्यागणिक आडव्या फळ्यांनी ती पोकळी बंद करतात. पण खरा राखणदार निराळाच आहे. भिंतीच्या आतल्या बाजूला आणि छताला जो पांढरा तक्ता ठोकलेला असतो, तो जिप्समचा. जिप्सम म्हणजे आपल्या ओळखीचेच. गणपतीच्या मूर्तींसाठी जे प्लास्टर ऑफ पॅरिस वापरतात, ते जिप्सम भाजून, त्यातले बरेचसे पाणी काढून केलेले असते. त्यात पाणी कालवले की ते घट्ट होऊन पुन्हा जिप्सम होते. या घट्ट जिप्समच्या वजनात पाचव्या हिश्श्याइतके पाणी दडलेले असते. आग लागली म्हणजे आधी ते पाणी उकळून बाहेर पडावे लागते, आणि जोवर पाणी आहे तोवर तक्त्यामागचे तापमान शंभर अंशांच्या फार वर जात नाही. भातात पाणी आहे तोवर पातेले करपत नाही, तसेच हे. काचतंतू घातलेला पाच-अष्टमांश इंच जाडीचा तक्ता दोन्ही बाजूंना लावला, तर पातळ फळ्यांची भिंत भट्टीतल्या परीक्षेत तासभर टिकते.

म्हणजे मामींच्या तुळईला तिची स्वतःची जाडी राखते आणि भाच्याच्या फळीला तिच्यावरचे पांघरूण. पांघरुणाला भोक पडले, की संपले. दिवा बसवण्यासाठी पाडलेले मोठे छिद्र, नळासाठी फोडून तसाच सोडलेला तक्ता, तळघरात छत न लावता उघड्या ठेवलेल्या कड्या, या त्या घरातल्या धोक्याच्या जागा. अमेरिकेत अंडररायटर्स लॅबोरेटरीज नावाची संस्था गेली शंभराहून अधिक वर्षे असल्या परीक्षा घेते. तिने दोन तऱ्हांच्या लाकडी जमिनी खालून पेटवून पाहिल्या. जुन्या पद्धतीच्या भरीव कड्यांची उघडी जमीन सुमारे १९ मिनिटांनी कोसळली. हल्ली स्वस्ताईसाठी वापरतात त्या, भुशाच्या पातळ फळीला वर-खाली पट्ट्या चिकटवून केलेल्या कड्यांची जमीन सुमारे ६ मिनिटांत खाली आली. पण त्याच पातळ कड्यांना खालून जिप्समचे छत लावले, तेव्हा ती जमीन सुमारे चौपट वेळ टिकली!

या घरांचा दुसरा शत्रू बाहेरून येतो. जानेवारी २०२५ मध्ये कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसच्या परिसरात वणवे पेटले आणि १६ हजारांहून अधिक इमारती नष्ट झाल्या. वाऱ्याने उडालेल्या ठिणग्या छपराखालच्या झरोक्यांतून माळ्यावर शिरल्या आणि घरे आतून पेटली, असे अशा वणव्यांत पुष्कळदा घडते. येथे आपल्या वाड्याने फार हसू नये. कौलांच्या फटीतून शिरलेला दिवाळीचा बाण तेच काम करतो.

गंमत अशी, की पाश्चात्य स्थापत्यकार आता पुन्हा मामींच्या बाजूला येऊ लागले आहेत. फळ्यांचे थर एकमेकांवर चिकटवून केलेल्या जाडजूड लाकडी तुळयांवर नॉर्वेत २०१९ मध्ये अठरा मजल्यांची, सुमारे ८५ मीटर उंचीची इमारत उभी राहिली. अमेरिकेतील मिलवॉकी शहरात २०२२ मध्ये पंचवीस मजल्यांची इमारत पुरी झाली. तिचे खालचे मजले काँक्रीटचे आणि वरचे लाकडाचे. अशा बांधणीत तुळई मुद्दाम गरजेपेक्षा जाड ठेवतात. वरचा थर आगीला देऊन टाकायचा आणि आतला आपला, असा हिशेब!

सिमेंटच्या घरातले लाकडी घर

"आम्ही तर सिमेंटच्या ब्लॉकमध्ये राहतो, आम्हांला याचे काय?" असे म्हणून वाचकांनी पान उलटू नये. मामी जेथे चुकल्या, तो निम्मा धडा आपल्यासाठीच आहे. त्यांची समजूत अशी, की आगीत माणसाला घराचे लाकूड मारते. वस्तुतः घर पडण्याची वेळ यायच्या पुष्कळ आधी घरातले सामान माणसाचा घात करते. आगीतले बहुतेक मृत्यू भाजून होत नाहीत, ते धुराने होतात.

वर सांगितलेल्याच संस्थेने दोन बैठकीच्या खोल्या शेजारी शेजारी मांडल्या. एकीत पन्नास वर्षांपूर्वीचे सामान होते, म्हणजे भरीव लाकूड, सुती कापड आणि कापसाच्या गाद्या. दुसरीत आजचे, म्हणजे फोमचे कोच, कृत्रिम धाग्यांचे पडदे, भुशाच्या फळ्यांची टेबले. दोन्हींत सारखीच लहानशी आग लावली. जुन्या खोलीला संपूर्ण पेट घ्यायला अर्ध्या तासाच्या आसपास लागला. नव्या खोलीने तिन्ही वेळा पाच मिनिटांच्या आत एकदम भडका घेतला! एका क्षणी कोपरा जळत असतो आणि दुसऱ्या क्षणी सारी खोली ज्वालांनी भरते. त्यानंतर त्या खोलीत कोणीही वाचू शकत नाही.

आता आपल्या दिवाणखान्याकडे पाहा. भिंती सिमेंटच्या, पण भिंतीला प्लायवूड लावलेले, वर खोटे छत, त्या छताच्या पोकळीत वायरींचे जंजाळ, खाली फोमचा सोफा, खिडकीला झुळझुळीत पडदे. म्हणजे काँक्रीटच्या पोटात आपण हौसेने, पैसे मोजून एक पातळ लाकडाचे दुसरे घर बांधले आहे. भाच्याच्या घराला पोकळी बुजवण्याचा नियम आहे आणि जिप्समचे पांघरूण आहे. आपल्या या आतल्या घराला ना नियम ना पांघरूण. शिवाय खिडकीला चोराच्या भीतीने कायमचा पिंजरा! जुन्या वाड्याला निदान धूर वर जायला चौक होता आणि माणसे बाहेर पडायला परसदार होते. आपल्या ब्लॉकला दार एकच, आणि तेही रात्री आतून कुलूप लावलेले.

मिनिटे कशी वाचवावीत?

घाबरण्याचे कारण नाही. थोडी आवराआवर हवी. ती दिवाळीच्या साफसफाईबरोबरच उरकता येईल.

झोपण्यापूर्वी खोल्यांची दारे लोटून घ्यावीत. ही सवय फुकटची, पण फार मोलाची आहे. परीक्षांत असे दिसले, की बाहेर आग असताना दार बंद असलेल्या खोलीत तापमान शंभर अंश फॅरनहाइटच्या आसपास राहते, तर दार उघडे असलेल्या खोलीत ते हजाराच्या घरात जाते. साधे लाकडी दार काही मिनिटे नक्की देते. बैठकीच्या खोलीत आणि झोपण्याच्या खोलीबाहेर धुराची सूचना देणारा भोंगा बसवावा. तो पंख्याहून महाग नाही. मात्र महिन्यातून एकदा बटण दाबून तो बोलतो ना, हे पाहावे. खिडकीच्या पिंजऱ्याला आतून उघडणारी एक झडप करून घ्यावी आणि तिची किल्ली घरातल्या पोरासोरांनाही ठाऊक असावी. एकाच प्लगवर माळा, कंदील आणि इस्त्री यांची गर्दी करू नये. पणत्या तोरणाखाली व पडद्याजवळ ठेवू नयेत. बाण उडवायचेच असतील तर कौलांपासून, झोपड्यांपासून आणि ताडपत्रीच्या छपरांपासून दूर मोकळ्या मैदानात उडवावेत. आग लागली तर लिफ्टला हात लावू नये, धूर असेल तर वाकून जमिनीलगत चालावे, बाहेर पडताना मागचे दार ओढून घ्यावे आणि १०१ किंवा ११२ हा क्रमांक फिरवावा. आणि एकदा बाहेर पडल्यावर दागिन्यांसाठी परत आत जाऊ नये.

भावाला निघण्यापूर्वी हे सारे सांगितले तेव्हा तो थोडा ओशाळला. त्याच्या घरात भोंगे आहेत, कायद्यानेच आहेत. पण स्वयंपाकघराजवळचा भोंगा मिरचीच्या फोडणीने दर रविवारी कोकलतो, म्हणून वहिनींनी त्याला आंघोळीच्या वेळी केसांवर घालायची प्लास्टिकची टोपी घालून गप्प बसवले होते! "गेल्यावर आधी ती टोपी काढतो," असे त्याने कबूल केले.

दसऱ्याला सोने द्यायला मी पुन्हा भिवंडीस गेलो. वाड्याचे काय करायचे ते अजून ठरलेले नाही. पण माळा रिकामा झाला होता. पन्नास वर्षांची वर्तमानपत्रे, फाटक्या गोधड्या, मोडके पाळणे आणि कबुतरांची घरटी, चार हातगाड्या भरून सामान गेले. लाकडी पट्ट्यांतून गेलेल्या जुनाट वायरी काढून नव्या घातल्या होत्या. सुताराने तुळयांची टोके टोचून पाहिली होती. दोन चांगली निघाली, एक आतून पोकळ लागली, तिच्याखाली नवा खांब उभा होता. परसदाराचे कुलूप जाऊन तेथे साधा अडसर आला होता.

तेवढ्यात अमेरिकेहून व्हिडिओ लागला. वहिनी सणाच्या पुऱ्या तळीत होत्या, भाऊ मुलांना मोबाईलसमोर उभा करीत होता. मामी मुलांना आशीर्वाद देत होत्या, इतक्यात तिकडे कर्कश भोंगा सुरू झाला. मुलांनी कान झाकले, वहिनी झारा टाकून पंखा लावायला धावल्या, भाऊ खुर्चीवर चढून त्या भोंग्याकडे हात नेऊ लागला.

"अरे, वाजू दे, वाजू दे!" मामी इकडून ओरडल्या. "घर जागं आहे ते. त्याचं तोंड नको दाबू!"